श्रावणात गोळीला सुट्टी

मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं पाकीट श्रावण लागल्यापासून तसंच भरलेलं आहे. विचारलं तर म्हणाले, "मासली बंद, मटन बंद. मंग चरबी येनार कुठून? गोलीला पन सुट्टी." आई हसली. मला हसू आलं नाही. हृदयात स्टेंट घातलेल्या माणसाने ही गोळी आपल्या मनाने बंद करायची? शरीर स्वतःही कोलेस्टेरॉल बनवतं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं.

मग बाबा हळूच म्हणाले, "पोटऱ्या दुखायच्या गं. आता नाय दुखत."

म्हणजे श्रावण नुसतं निमित्त? या गोळीने कधीकधी स्नायू दुखतात, हे खरंच आहे. मग कोणत्या तोंडाने जबरदस्ती करू?

तरी मघाशी एक गोळी चमच्याने चुरली, त्यांच्या आमटीत घालायला. माझ्या हातचं ते काही न विचारता जेवतात. तेवढ्यानेच हात थांबला. चुरा बेसिनमध्ये टाकला आणि डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्याच घेऊन या, रक्त तपासू, गोळी बदलूनही देता येईल.

बाबांना सांगितलं.

"येतो. पन पायाचं तूच सांग. मी घाबरलो, असं नको सांगू."