चौथ्या पायरीचं गाऱ्हाणं

शिबिर, पावस
१ मार्च २०२५

ती. ताईस मुकुलचा शि. सा. न. वि. वि.

इथे मोबाइल जमा करून घेतात, म्हणून पत्र. अर्धांगाच्या झटक्याने बाबांची वाचा गेल्यापासून घरात बसवेना, म्हणून या आंब्याच्या बागेतल्या शिबिरात येऊन बसलोय. गुरुजी म्हणतात, जाणिवेच्या पाच पायऱ्या असतात: देह, श्वास, मन, साक्षी आणि शेवटी आतला मेळ. मी म्हणे तिसरीवर आहे. पण डोळे मिटले की आंब्यांवर वानर उतरतात, राखणदार डबा बडवतो, आणि मन थेट आई करते त्या बांगडा माशाच्या झणझणीत तिखल्यावर. गुरुजींना सांगितलं, तर म्हणाले, बांगडा नुसता बघ, खाऊ नको. हे कसं जमायचं?

चौथ्या पायरीसाठी पाडव्यापर्यंत मौन आहे. पत्रंही बंद. शब्द गळाले की मन नितळतं म्हणतात. धरू का? मला काही कळत नाही.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा मुकुल

दापोली
५ मार्च

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

सातव्या महिन्यात डॉक्टरांनी एसटी बंद केलीय, नाहीतर कान धरून तुला तिसऱ्या पायरीवरून खाली उतरवलं असतं. मेल्या, बाबांचं मौन बघून पळालास आणि तिकडे हौसेने मौन धरतोस?

ऐक. रविवारी, सोळाला, शिमग्याची पालखी आपल्या अंगणात येईल. दरवर्षी बाबा गाऱ्हाणं घालतात, घरचं सुखदुःख देवापुढे मोठ्याने मांडतात, आणि सारी वाडी होय महाराजा म्हणते. यंदा गुरव घालतो म्हणाला, तर बाबांनी मान फिरवली. आईने विचारलं, मुकुल घालील का, तर त्यांचे डोळे भरले. तू नसलास तर ते पालखीपुढे यायचेच नाहीत.

तुझ्या पायऱ्या असतीलही खऱ्या. पोटात बाळ हललं की मलाही काही सुचेनासं होतं. पण पत्र मिळताच नीघ.

तुझी माया आहेच, ती जरा घराकडे वळव.
सावनी

रत्नागिरी
१८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

आईने फोनवर सांगितलंच असेल, पण रागात. माझ्याकडूनही ऐक. बोलून सांगायचा धीर नाही.

आलो. पालखी टेकली, बाबांना खुर्चीत बसवलं. मी नारळ धरून देवाला हाक घातली तिथवर नीट होतं. पुढे काय मागायचं तेच सुचेना. मग तोंडातून शिबिरातलंच आलं: बाबांचे शब्द गळू देत, त्यांचं मन निःशब्द होऊ दे. आणि वाडी सवयीने ओरडली, होय महाराजा!

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. ढोल थांबला. शेजारच्या लवूकाकांनी कपाळाला हात लावला. आईकडे बघवेना.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. वाकडा, पण मोठा. नाय! बाबा, ताई! दोन महिन्यांनी पहिला शब्द, तोही देवाला नकार! लवूकाका लगेच गरजले, की महाराजा, पोराचं मनावर घेऊ नको, बापाचं ऐक. यावर जो होय महाराजा झाला, तो खाडीपलीकडे गेला असेल.

हा शब्द कुठल्या पायरीवरून आला? देह म्हणावा की साक्षी? डोकं चालत नाही. अजून तेवढाच शब्द येतो. काल विचारलं, शिबिरात परत जाऊ का? नाय म्हणाले. इतका हरखलो! मग विचारलं, बाबा, इथेच राहू ना? त्यालाही म्हणाले, नाय.

आता तूच सांग काय ते. तू कळवेपर्यंत घरीच आहे. लोभातला माझा वाटा बाळाला सगळा देऊ नकोस.

तुझा मुकुल