हेमाआत्याने मत कोणाला दिलं

डोंबिवली, ५ जानेवारी

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

फोन प्रचारवाल्यांनी काबीज केलाय, म्हणून पत्र. इतकी वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्यावर तुझ्या आत्याला एकदाचं महापालिकेचं तिकीट मिळालंय. हरले तर पुन्हा कुत्रंही विचारणार नाही. समोर दुसऱ्या पक्षाकडून गावठाणातली भावना उभी आहे. मी आधी टॉवरवाल्यांना पार्किंग कबूल केलं, तिने गावठाणाला घरपट्टीत सूट. मग मी पाण्याकडे वळले, तर तीही पाण्याकडेच. आता दोघींची पत्रकं फोटोवरूनच ओळखायची. तू कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतेस, तर सांग, लोकांनी मला का निवडावं?

माया आहेच, तुझं मत या वॉर्डात नाही एवढंच दुःख.

तुझी,
हेमाआत्या

वर्तकनगर, ठाणे, ८ जानेवारी

ती. हेमाआत्यास सा. न. वि. वि.

अगं, मी फळ्यावर जे काढते ते तुझ्या गल्लीत घडतंय, मला नाचावंसं वाटतंय. मतदार आपला फायदा बघतो, म्हणून पक्ष जास्त मतांसाठी मध्याकडे सरकत सरकत शेवटी एकमेकांना चिकटतात. मग मतदार म्हणतो, दोघी सारख्याच, माझ्या एका मताने काय अडतंय, आणि घरी झोपतो. तेव्हा भाषणं पुरे, आपली माणसं घराबाहेर काढ. आणि जरा स्वार्थी हो, तुला ते मुळीच जमत नाही.

नगरसेविका झालीस तरी भाचीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
कादंबरी

डोंबिवली, १७ जानेवारी

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

निकाल कळला असेल, तरी माझ्या हातचा वाच. मतं समसमान पडली. फेरमोजणीतही तेच. चिठ्ठी काढायचं ठरलं तेव्हा मी मनात कपाळावर हात मारला, कारण मी माझं मत भावनाला दिलं होतं. संक्रांतीचे दिवस, स्वतःची ओटी कोणी स्वतः भरतं का? यंत्रासमोर माझ्याच नावाचं बटण दाबायला हात धजेना.

चिठ्ठी माझी निघाली. गुलाल उधळला, ढोल वाजले, मी लहान पोरीसारखी नाचले. पण राहवेना. भावनाला बाजूला घेऊन खरं सांगितलं. तर ती म्हणाली की बाई, मीही तुम्हालाच दिलं. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुझ्या शास्त्राप्रमाणे दोघी स्वार्थीपणे वागलो असतो, तरी बरोबरीच झाली असती, नाही का? फक्त मग सोमवारी पाण्यासाठी महापालिकेत जायला भावना माझ्या रिक्षात बसायला तयार झाली नसती.

येऊन पेढे खा, आणि ही माया अशीच राहू दे.

तुझी,
हेमाआत्या