छपरावरची छत्री

प्रिय मारिविक,

तुझं कार्ड येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो हात दुखत होता म्हणून, असं मी आधी एका कागदावर लिहिलं होतं. तो कागद चुलीत गेला. हात ठणठणीत आहे. नदीकाठचं नवं घर, रोडेलला संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये मिळालेलं काम, धाकटीचा पडलेला दात, सगळं तू लिहिलंस आणि शेवटी, तुमच्या भाषेत मला आजी म्हणत, विचारलंस, "लोला, इथल्या भिंती जाड दगडी आहेत, आत रेंजच येत नाही, हॉस्पिटलातून ड्यूटीसाठी आलेले फोन चुकतात. रोडेल म्हणतो तो रेंज वाढवायचा बूस्टर घेऊ का? की पैसे पाण्यात?" एवढ्या मुलखात हे विचारायला तुला मीच सापडले! बरं, विचारलंच आहेस तर जे कळलंय ते सगळं सांगते.

बूस्टर रेंज तयार करत नाही, असलेली मोठी करतो. बोअरला पाणीच नसेल तर पंप काय ओढणार, तसंच. म्हणून आधी रोडेलला फोन घेऊन छपरावर चढव. वर दोन कांड्या दिसल्या आणि स्वयंपाकघरात एकही नाही, तर घे, कारण तुझ्या भिंतीच रेंज अडवतायत. वरही काही नसेल तर एक डॉलरही घालवू नकोस. आणि घेशील तो फोन कंपनीने स्वतः मान्य केलेलाच घे. तो हजाराच्या वर जातो, जाऊ दे. टपालाने दोनशेत येणारे, खोक्यावर सोनेरी अक्षरं छापलेले, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. ते आपल्या कायद्यात बसत नाहीत. यातला शब्दन्‌शब्द तुझ्या नवऱ्याचा, रोडेलचाच आहे. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या व्हरांड्यात केक खाता खाता त्याने मला हे समजावलं होतं. मी तोंडाने हो हो म्हणत होते आणि मनात म्हणत होते, हा पोरगा शनिवारी त्या विजेच्या दुकानात काम करतो, महागडं गळ्यात मारायला सांगितलं असेल याला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पाद्रीबुवांनी नाताळच्या शुभेच्छा दिल्या तरी मी त्यामागे वर्गणी शोधते.

मग सप्टेंबरात तुमच्या छपरावर डिशची ती मोठी छत्री बसली, तुझ्या सासूबाईंना मनिलाच्या मालिका दिसाव्यात म्हणून. त्याच पंधरवड्यात इकडे फोनचा घोळ सुरू झाला. बोलता बोलता आवाज तुटायचा, समोरचा बुडतोय असं वाटायचं. आपला ट्रेव्हर कुचेल, अग्निशमन तुकडीचा कप्तान, पिकअपच्या टपावर चढून हात वर करून बोलायचा. लांबून वाटे, कुणाला शरण जातोय. माझ्या स्वयंपाकघरात मात्र पाचही कांड्या. ट्रेव्हर म्हणे, "फ्रीडाआंटी, तुझं घर उंचावर, तुझी मजा आहे." लोकांनी आधी टॉवरवाल्यांना शिव्या घातल्या, मग टेकडीवरच्या पवनचक्क्यांना. मग एका संध्याकाळी ट्रेव्हर वायरलेसवर म्हणाला, "मागच्या महिन्यापर्यंत सगळं धड चालत होतं. गावात नवीन काय आलंय, सांगा बरं?" आपल्याकडे घराघरांत, गाड्यागाड्यांत वायरलेस, त्यावर बोललेलं सगळा तालुका ऐकतो. कुणीतरी म्हणालं, "नर्सबाईंच्या छपरावरची छत्री!" दुसरा म्हणाला, "आपली रेंज मनिलाला पाठवतायत की काय!" हशा पिकला. ती छत्री फक्त वरून येणारं घेते, काही सोडत नाही, हे मला रोडेलने चित्र काढून दाखवलं होतं. तरी मी बटण दाबलं आणि म्हणाले, "छत्री सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसली. मी डोळ्यांनी पाहिलं." एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तुमच्या छोट्या गाडीत वायरलेस नव्हता, म्हणून तो आवाज माझा होता हे तुला आजवर कळलं नाही.

डिसेंबरात, भर उन्हाळ्यात, कापणीच्या यंत्राची ठिणगी उडाली आणि ट्रेव्हरच्या बार्लीने पेट घेतला. त्याने आगीच्या बंबासाठीचा तीन शून्यांचा नंबर तीनदा फिरवला, तिन्ही वेळा तुटला. वायरलेसवर हाक ऐकून जो तो आपली पाण्याची टाकी घेऊन धावला, तरी चाळीस एकर गेलं आणि ट्रेव्हरच्या भुवया जळाल्या. त्यानंतरच्या रविवारी गावाच्या हॉलमधल्या जेवणात तुझ्या शेवयांच्या ताटाला कुणी हात लावला नाही, हे तुला आठवत असणार. मीही लावला तो सगळे उठून गेल्यावर. बाहेर ट्रेव्हर रोडेलला म्हणाला, "उतरव ती, दोस्ता. मी चांगल्या शब्दांत सांगतोय." रोडेलने त्याच संध्याकाळी उतरवली. फोन काही सुधारले नाहीत. पण तोवर संशय छत्रीवरून तुमच्यावर आला होता. "उतरवली म्हणतो, घरात काय लावून ठेवलंय कोण जाणे," असं दुकानात मीठ घेतानाही ऐकू यायचं. दवाखान्यात दोघातिघांनी तुझ्याकडून पट्टी बदलून घ्यायला नकार दिला. फेब्रुवारीत तुम्ही गेलात. निघताना तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "इथे तुम्ही एकट्याच आमच्या होतात."

तुझं कार्ड आलं त्याच आठवड्यात दूरसंचार खात्याचा एक माणूस आला. गाडीवर माशाच्या काट्यासारखी अँटेना. तुमच्या रिकाम्या घरावरून गेला तेव्हा त्याच्या यंत्राने हूं की चूं केलं नाही. तो थांबला माझ्या फाटकाशी. माझ्या पाण्याच्या टाकीमागे त्याला ते खोकं सापडलं, ऑगस्टअखेर टपालाने मागवलेलं, दोनशेवालं. पुस्तिका वाचून मी एकटीने शिडी लावून बसवलं होतं, आणि टाकीमागे अशासाठी की रोडेलला दिसू नये. तो माणूस म्हणाला, "आजी, हे एवढ्या जोरात ओरडतं की टॉवरला बाकी कुणाचं ऐकूच येत नाही." त्याने तार उपसली आणि खोकं घेऊन गेला. नाव कुणाला सांगत नाही म्हणाला. दोन दिवसांनी ट्रेव्हर अंडी घेऊन आला, म्हणाला, "बघ आंटी, ते गेले आणि रेंज आली." मी त्याला चहा दिला. पंधरा दिवस मी तो चहा आठवत बसले आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, मारिविक. छत्री उतरवूनही फोन सुधारले नाहीत, त्या दिवशी मी खिडकीतून टाकीकडे पाहिलं होतं आणि पडदा ओढला होता. आज सकाळी ट्रेव्हरला सगळं सांगितलं, वायरलेसवरचं माझं वाक्यसुद्धा. तो उठला. टोपी घातली, दारापर्यंत गेला, आणि तिथून तुझा नंबर मागितला. मी दिला. रविवारी दुपारी तो तुला फोन करणार आहे. तुझ्याकडचं टपाल शुक्रवारी पोचतं, म्हणून आजच्याच टपालगाडीने हे पाठवतेय. त्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्या हातून कळावं. घरात फोन लागत नसेल तर बाहेर अंगणात उभी राहा, पण त्याचा फोन घे. माझा घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरव.

लोला असं आज लिहवत नाही.

तुझीच,
फ्रीडा नोस्के