ओट्यावरचं जाडं पीठ

दादा,

फोन तू उचलत नाही अन् मी समोर आलो का उठून जातो, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर लावून राह्यलो.

आम्ही सगळे सातपुड्यात फिराले चाललो. पोरायले तो डोह दाखवाचा हाय, जिथं बाबायनं आपल्याले पोहणं शिकवलं. मले भेव वाटू नये म्हणून तू दरवेळी माह्याआधी उडी मारे. आता जंगलात जाळ करू देत नाहीत, म्हणून फिरून आल्यावर पायथ्याशी आपल्या दोस्ताच्या, ज्ञानेश्वरच्या वावरात जाड्या पिठाचे रोडगे गोवऱ्यांत भाजाले लावू.

मागच्या साली तू आला नाही. माह्या हातचे रोडगे गोवऱ्यांत वरून जळले, आतून कच्चे राह्यले. सगळ्यायनं गुमान खाल्ले. आई एवढंच म्हणली, "धम्मा असता तं..."

वांगे, तूप, गोवऱ्या, सगळं जीपमध्ये टाकलं. जाडं पीठ मात्र मुद्दाम ओट्यावर ठेवून चाललो. तुह्या गाडीत पेट्रोल हाय. घराच्या वाटणीचं एक अक्षर तोंडातून काढणार नाही, पीठ घेऊन ये.

नाही आला तं आम्ही नुसती वांग्याची भाजी खाऊन परत येऊ.

संघर्ष