आत्यांचा गुडघा आणि माझं ट्रेनिंग

कळंबोली

तीर्थस्वरूप मानसिंगराव यांस,

धर्मराजचा साष्टांग नमस्कार. घरची सगळी बरी असावीत. (तुमची आई आणि बहीण दोघी तुमच्याकडेच आहेत, तेव्हा माझ्या घरची खुशालीही तुम्हीच कळवायची.) वहिनींना नमस्कार सांगा. त्या बोलायच्या मनःस्थितीत नसतील तर राहू द्या.

तुमच्या आई, म्हणजे आमच्या आत्या, आणि उज्वला इथून का निघाल्या ते तुम्ही ऐकलंच असेल. जे ऐकलंत ते खरं आहे. फक्त जावई माजला असं मनात आणू नका. जावई शिकून आला, त्यातून हे झालं.

आमच्या तळोज्याच्या कंपनीत एकमेकांशी नीट कसं बोलावं याचं ट्रेनिंग झालं. (पॅकिंग आणि लोडिंगवाले एकमेकांचं तोंड बघत नव्हते, म्हणून साहेबांनी ठेवलं.) स्नेहल मॅडमनी शिकवलं की समोरचा बोलला की त्याचंच म्हणणं त्याला परत म्हणून दाखवायचं, म्हणजे आपलं कुणी ऐकतंय असं त्याला वाटतं. खोटं कशाला बोलू, लोडिंगचा माणूस दुसऱ्या दिवशी मला चहा पाजायला घेऊन गेला. मला उत्तम श्रोता म्हणून स्टीलची बाटली मिळाली आणि माझं डोकं फिरलं.

त्याच आठवड्यात आत्या आल्या, शेंगांचं गाठोडं घेऊन, जिना चढून, धापा टाकत. गुडघा लई दुखतोय म्हणाल्या. मी समोर बसलो, मॅडमनी सांगितल्यासारखी मान हलवली आणि म्हणालो, म्हणजे तुमचा गुडघा लई दुखतोय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाकता येत नाही म्हणाल्या. म्हणजे तुम्हाला वाकता येत नाही, मी म्हणालो. जेवताना आमटी तिखट झाल्याचं निघालं, तेही मी परत म्हणून दाखवलं. आत्या गप्प झाल्या. (मला वाटलं, समाधान झालं.) मग ताटावरून उठत म्हणाल्या, मी उद्या जाते. मानसिंगराव, लिहितानाही मान वर होत नाही. मी म्हणालो, म्हणजे तुम्ही उद्या जाताय.

जावयाने सासूला असं म्हटल्यावर ती कशी थांबेल? उज्वला बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या आईला वेडावताय?" तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? मी तिचंही वाक्य परत म्हणालो.

निघताना तिने एवढंच सांगितलं की आई पाय दाखवायला आली होती, आणि तुम्ही गुडघा गुडघा केलंत पण कधीपासून दुखतोय ते एकदा विचारलं नाहीत. मला माझी लाज वाटते.

आपला,
धर्मराज

ता. क. नेरुळच्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आत्यांना पाठवाल का?

ता. क. पुन्हा. फोन केला नाही, कारण तुम्ही शिव्या दिल्यात तर त्याही परत म्हणेन अशी भीती होती.

ता. क. शेवटचा. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. दाराखालून मीच सरकवलंय. समोर रस्त्यावर गाडीत बसलोय, आत्यांना पाय लांब करता यावा म्हणून पुढची सीट मागे सरकवून ठेवलीय. बोलावलंत तर आत येतो. नाही बोलावलंत तरी इथेच आहे.