घरचे मत

डोंबिवली (पूर्व)
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय नयनताई,

वाकून नमस्कार लिहिला तर तू हसशील, म्हणून उभ्यानेच नमस्कार. येथील सर्व ठीक. थंडीची नुसती चाहूल लागली तरी आईचा गुडघा कुरकुरू लागला आहे. बाबा सकाळी मैदानावर फिरायला जातात आणि येताना पेपर घेऊन येतात. माझे एम. ए. झाले. सध्या वाचनालयात अर्धा दिवस काम करते आणि साप्ताहिकात सदर लिहिते, हे तू पाहिलेच आहेस.

भाऊजींनी तुझा नंबर दिला असूनही पत्र लिहीत आहे. फोनवर माझ्या तोंडून ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवते’ यापलीकडे काही निघत नाही, हे तू विसरली नसशील.

प्रथम परीक्षणाविषयी. तुमचा साधा क्रोसाँ उत्तम आहे. कापल्यावर आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, वरचे पापुद्रे बोट लावताच तुटतात आणि लोण्याचा वास घशापर्यंत राहतो. बदामाचा क्रोसाँ मात्र पाकात इतका भिजलेला होता की त्याचा तळ कागदाला चिकटून आला. दालचिनीचा रोल मध्यभागी कच्चा होता. हे दोन्ही मी लिहिले आहे आणि खोडणार नाही. तू रागावशील. भाऊजी बहुधा म्हणतील, “बघ, मी सांगत होतो.”

ती बेकरी तुमची आहे हे मला आधी माहीत नव्हते, यावर कृपया विश्वास ठेव. संपादक करिश्मा मॅडमनी पत्ता दिला तेव्हा त्यावर केवळ ‘मातँ, वागळे इस्टेट’ एवढेच होते; ‘मातँ’ म्हणजे फ्रेंचमध्ये सकाळ, हेही मी नंतर शोधले. रिक्षावाला म्हणाला, “मटन? मटनची बेकरी नाय ऐकली मी मॅडम.” मी हसतच आत शिरले. काचेपलीकडे एक बाई पिठाची घडी घालत होती आणि प्रत्येक घडीनंतर तळहाताच्या कडेने तिला हलकेच थोपटत होती. तुझा चेहरा दिसण्यापूर्वी मी तुझे ते थोपटणे ओळखले. मला पळून जायचे होते, पण तोवर तू वर पाहिले होतेस.

तू म्हणालीस, “भावे, बारीक झालीस गं.” जणू काल भेटलो होतो. तुझ्या लग्नापासून आपल्या घरात तुझे नाव कोणी घेत नाही. भाऊजींची जात बाबांना आजही गिळता आलेली नाही. आणि तू मला पिठाच्या हातांनी खुर्ची देत होतीस.

त्यानंतर आपल्या तिघांत जे बोलणे झाले, त्याने मला तेव्हापासून स्वस्थ बसू दिलेले नाही. सदराच्या शेवटी पदार्थ करणाऱ्यांची पूर्ण नावे द्यायची, हा नियम मी स्वतः घातलेला आहे. दुकानांना देवांची नावे असतात, गावांची असतात. ज्यांचे हात पोळतात त्यांचे नाव कुठेच नसते. हा नियम बाबांना सर्वांत जास्त आवडला होता. “मोहन्याला कारखान्यात एवढी वर्षं धागा काढला, कुणी विचारलं का कोणी काढला?” असे म्हणून त्यांनी माझा पहिला लेख शेजारीपाजारी फिरवला होता.

तू म्हणालीस, “नुसतं ‘मातँ’ लिही. आमची नावं नको. बाबा वाचणार, आणि इथलं गिऱ्हाईक पण वाचणार.”

भाऊजी ट्रे पुसता पुसता म्हणाले, “मेव्हणीबाई, लोकं क्रोसाँ विकत घेतात आणि आडनाव फुकटात विचारतात. एकदा त्यांना फुकटात सांगूनच टाक की.”

“राज, तुला गंमत वाटते. चैत्रातली ती ऑर्डर आठवते ना? हळदीकुंकवाची? बॉक्स भरून ठेवले, आणि बाईने आडनाव ऐकलं नि न्यायलाच आली नाही.”

“आठवते ना. आठवडाभर आपणच खात होतो.”

तू हसली नाहीस. मी “विचार करते” म्हणाले आणि निघाले.

येथपर्यंतचे तुला ठाऊक आहे. पुढचे सांगायचे टाळत मी दीड पान लिहिले.

माझ्या सदराची शेवटची चौकट ‘घरचे मत’ या नावाची असते. मी प्रत्येक ठिकाणचा थोडा खाऊ घरी आणते, बाबा चाखतात आणि ते जे बोलतात ते मी जसेच्या तसे छापते. वाचक ती चौकट आधी वाचतात, असे करिश्मा मॅडम म्हणतात. त्या दिवशीही मी तुझी ओल्या नारळाची पेस्ट्री आणली. कोणी केली ते सांगितले नाही. आणू नये हे मला कळत होते, ताई. तरीही मी डबा उघडून त्यांच्या पुढे ठेवला.

बाबांनी एक खाल्ली. मग विचारले, “अजून आहे का?” आणि दुसरी घेतली. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचे चावणे थांबले. सारणात भाजलेली खसखस होती, तू करंजीत घालायचीस तशीच. तिने माझ्याकडे पाहिले, मग ओट्याकडे वळून नळ सोडला. ती तेव्हापासून जाणते.

बाबा त्या पेस्ट्रीबद्दल जे म्हणाले ते मी लिहून घेतले. ते येथे लिहीत नाही, कारण ते न कळता दिलेले मत होते. ते तुझ्या नावाशेजारी छापणे म्हणजे त्यांना फसवणे, आणि तुझ्या नावावाचून छापणे म्हणजे तुला. म्हणून परवा संध्याकाळी मी त्यांना सांगितले.

“बाबा, रविवारची ती नारळाची पेस्ट्री ताईने केली होती.”

“कोणी?”

“नयनताईने. तिची आणि भाऊजींची बेकरी आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “फसवलंस मला.”

“हो.”

“माझं मत काढून टाक. मी खाल्लंच नाही असं समज.”

“तुम्ही दुसरी मागून घेतलीत, बाबा.”

हे मी बोलले! माझे मलाच ऐकू आले.

आई आतून म्हणाली, “खोटं लिहायला लावू नका हो पोरीला.”

“तू मध्ये बोलू नकोस. आणि भावना, त्याचं नाव माझ्या मताशेजारी आलं, तर पुढच्या वेळी ‘घरचं मत’ दुसऱ्या घरातून आणायचं. समजलं?”

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. आईमार्फत मीठ मागतात.

करिश्मा मॅडमचे म्हणणे स्पष्ट आहे: “नियम तुझा आहे. नावं असतील तर लेख आहे.” पान गुरुवारी छपाईला जाते.

तुझ्या दोन हरकतींपैकी बाबांची हरकत मी माझ्या हाताने निकालात काढली आहे. त्यांना आता कळायचे काही उरलेले नाही. दुसरी, गिऱ्हाइकांची, माझी नाही. नुकसान तुमचे होईल, माझे नव्हे. म्हणून तू ‘नाही’ म्हणालीस तर लेख मागे घेईन आणि त्या आठवड्यात माझे सदर येणार नाही. निनावी लेख मात्र मी लिहिणार नाही. घरात तुझे नाव न घेता इतकी वर्षे राहिले. ते कागदावर पुन्हा करणे मला जमणार नाही.

बुधवारपर्यंत कळव. एक शब्द पुरे.

उत्तराला भीत असलेली,
भावना


डोंबिवली (पूर्व)
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय नयनताई,

तुझा निरोप मी वाचनालयात, दोन कपाटांच्या मधोमध उभी राहून वाचला. ‘लिही. माझं नाव आधी, त्याचं नंतर. आणि बदामाचा तळ सुधारलाय.’ दुसऱ्या वाक्यावर भाऊजींची संमती घेतली आहेस असे गृहीत धरते.

लेख आज आला. ‘नयन पालव-शेजवळ आणि राजरत्न शेजवळ’, पूर्ण आणि ठळक. त्याखाली ‘घरचे मत’ ही चौकट रिकामी आहे. मॅडम म्हणत होत्या, चौकटच काढून टाकू. मी नको म्हटले. जे दिले गेले नाही त्याची जागा तरी दिसावी.

बाबांनी मैदानावरून येताना आमचा अंक आणला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि घडी घालून मांडीवर ठेवला. एवढ्यात समोरची शकूमावशी आपला अंक घेऊनच आली. तिला दारातून आत यायलाही धीर नव्हता.

“अगो भावना, ही नयन आपलीच ना?”

मी उभी होते. आई उभी होती. मावशीने मग बाबांकडे मोर्चा वळवला.

“आणि हे काय हो? या वेळेला तुमची चौकट कोरी? खाल्लं नाही का पोरीच्या हातचं?”

बाबांनी तिच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडेही नाही. मला वाटले, आता ते ‘नाही’ म्हणणार, आणि ते एकदा म्हटले की कायमचे खरे होऊन बसणार. हातातली कपबशी मी टेबलावर ठेवली.

“खाल्लं,” ते म्हणाले.

“मग? आवडलं नाही?”

त्यांनी मांडीवरच्या अंकाची घडी पुन्हा एकदा घातली.

“आवडलं नाही असं मी म्हटलेलं नाही.”

एवढे बोलून ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. अजून बाहेर आलेले नाहीत. रात्री जेवायला येतील की नाही, उद्यापासून माझे ताट या घरात राहील की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून खोटा आनंद मानू नकोस आणि मिठाई तर मुळीच पाठवू नकोस.

पण हे मत त्यांनी पूर्णपणे कळून, साक्षीदारासमोर दिले आहे. छापण्याची वेळ निघून गेली आहे. ज्यांना ते पोचायला हवे होते, त्यांना जसेच्या तसे, एकही शब्द न बदलता पोचवीत आहे.

आता नाव घेऊन लिहिणारी,
तुझी धाकटी बहीण
भावना पालव