पोथनच्या तारणाचा प्लॅन

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक दिवस.

सभेनंतर पास्टर जॉइकुट्टींनी वर्ग घेतला. विषय, मैत्रीतून साक्ष. पत्रकं वाटू नका म्हणाले, चौकात कर्णा लावून ओरडू नका. शेजाऱ्याशी मैत्री करा, गप्पा मारा, त्याचं ऐका. प्रभूची गोष्ट बोलण्यातून आपोआप निघते. मग जाहीर केलं की सतरा मार्चला मित्र-रविवार. ज्याने त्याने एक मित्र आणायचा. कोण कोणाला आणणार?

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. म्हटलं, पोथन! आमच्या कुंपणापलीकडचा पोथन! सगळीकडून हालेलुया झालं. पास्टरांनी माझा खांदा दाबला.

तीस वर्षं विमा विकलाय मी. कोट्टयमपासून पालापर्यंत असा एक रस्ता नाही जिथे मी कुणाला पॉलिसी गळ्यात मारली नाही. पोथन म्हणजे किस झाड की पत्ती.

घरी येताना सोसाम्मा म्हणाली, बोलणं जमेल हो तुम्हाला, पण ऐकणं? बायको आहे. असलं काहीतरी म्हणणारच.

६ फेब्रुवारी, मंगळवार

गिऱ्हाइकाची माहिती (जुनी सवय): पोथन, रिटायर्ड बस कंडक्टर. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी आयर्लंडमध्ये नर्स. घरात एकटा. चर्चला फक्त ईस्टरला जातो, तेही त्याच्या जुन्या सिरियन चर्चला. संध्याकाळी अप्पुकुट्टनच्या चहाच्या टपरीवर. हा अप्पुकुट्टन म्हणजे कम्युनिस्ट पार्टीचा माणूस, टपरीवर लाल झेंडा, देवाचं नाव काढलं की हसतो. वाईट संगत. आधी त्यातून सोडवायला हवा.

संध्याकाळी व्हरांड्यात जाऊन मैत्री सुरू केली. उत्तम गप्पा झाल्या. मी माझ्या तारणाची साक्ष सांगितली, लहानपणापासून. काळोख पडला तेव्हा पोथन म्हणाला, ईपन, तू आल्यावर चहा विचारणार होतो, पण मध्ये जागाच मिळाली नाही.

जागा म्हणजे काय ते कळलं नाही. सुरुवात मात्र झकास.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पास्टर म्हणतात, जेवणातून मैत्री वाढते. सोसाम्माला बीफ फ्राय करायला सांगितलं, खोबऱ्याचे काप घालून, पोथनला आवडतं तसं. ती म्हणाली, अहो पण आज... म्हटलं, मध्ये बोलू नकोस, मसाला करपेल.

डबा घेऊन गेलो. पोथनने झाकण उघडलं, वास घेतला, डोळे मिटले, झाकण लावलं. म्हणाला, ईपन, काल मोठा उपास सुरू झाला. ईस्टरपर्यंत मांस-मासे बंद.

आता मला काय ठाऊक! आम्ही जुनं चर्च सोडून पेंतेकोस्त पंथात आल्यापासून असले उपास सोडले. म्हटलं, चर्चला जात नाहीस आणि उपास कसले पाळतोस? तो म्हणाला, चर्चशी माझं भांडण आहे, आईशी नव्हतं. ती पाळायची.

मुद्दा सापडला! लगेच समजावलं की खाण्याने माणूस शुद्ध-अशुद्ध होत नाही. बराच वेळ समजावलं. डबा त्याच्या मांडीवर, बोलता बोलता झाकण मीच पुन्हा उघडलं होतं. पोथन आवंढे गिळत ऐकत होता. हृदयाला भिडलं असणार.

येताना टपरीवरून अप्पुकुट्टन ओरडला, काय हो ईपनसाहेब, उपासकऱ्याच्या नाकाखाली बीफ धरून स्वर्गात पाठवताय होय त्याला? अख्खी टपरी हसली. दुर्लक्ष केलं.

घरी सोसाम्मा म्हणाली, तेच सांगत होते. मी म्हटलं, मग नीट सांगायचं ना!

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज थोडा वैताग. पोथन उलट बोलायला लागलाय. म्हणाला, आमच्या घराण्याने तोमा प्रेषिताच्या हातून बाप्तिस्मा घेतलाय. तुझी मंडळी कालपरवा टिनाच्या शेडमध्ये सुरू झाली, आणि तू मला ख्रिस्त शिकवतोस?

म्हटलं, बाप्तिस्मा घराण्याचा नसतो. तुझ्याकडे स्वतःचं तिकीट आहे का? (त्याच्या धंद्यातलं उदाहरण मुद्दाम. विमा एजंटाची खुबी.) तर म्हणतो, जन्म बसमध्ये गेला, ईपन. ज्याच्याकडे तिकीट असतं तो प्रवासभर ओरडत नाही.

ह्यावर उत्तर रात्री सुचलं. उद्या देईन.

२१ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर दिलं. पोथन झोपला होता, खुर्चीतच. उठवून दिलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रगती! पोथनने आज स्वतःहून मन मोकळं केलं. डोळ्याचं काहीतरी आहे. उजव्या डोळ्याने बघितलं की समोरच्याचं तोंड दिसत नाही, नुसते कान दिसतात. पडद्याला मधोमध भोक पडलंय म्हणे.

माझ्या अंगावर काटा आला. इतकी आयती संधी! म्हटलं, पोथन, हे शरीराचं नाही, हे आत्म्याचं आंधळेपण. देव तुला काहीतरी दाखवू बघतोय. पुढे अर्धा तास असं बोललो की पास्टरांनी ऐकायला हवं होतं.

पोथन एक डोळा झाकून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, गंमत बघ ईपन, तुझं तोंड अजिबात दिसत नाही. ऐकू मात्र येतं.

विनोद करतो म्हणजे जवळ आलाय.

१ मार्च, शुक्रवार

पास्टरांना रिपोर्ट दिला. म्हटलं, फळ पिकलंय, फक्त तोडायचं बाकी. त्यांनी विचारलं, पोथन काय काय बोलतो? त्याच्या कसल्या अडचणी आहेत? मी म्हटलं, अडचण एकच, त्याचं पाप.  पास्टर म्हणाले, ब्रदर, तुम्ही प्रश्न विचारता ना?

विचारतो की! आज मेलास तर कुठे जाशील, हा तर मी रोज विचारतो.

५ मार्च, मंगळवार

डोक्यात जातो हा माणूस. मी इतका जीव तोडून सांगतोय, आणि ह्याचं आपलं डोळा, डोळा, डोळा. आता ऑपरेशन करायचं म्हणतात. कोट्टयमचा डोळ्यांचा दवाखाना. ऑपरेशननंतर पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही. दवाखानावाले म्हणतात, सोबत राहणारा एक माणूस आणाच, त्याशिवाय दाखल करून घेत नाही. मुलीला रजा नाही.

मी म्हटलं, पोथन, घाबरू नकोस. जिथे कुणी नाही तिथे प्रभू सोबत असतो.

म्हणाला, ते खरं रे. पण प्रभूला पास देतील का? सोबत्याला पास लागतो, त्यावर फोटो लागतो.

देवाच्या नावाने थट्टा! फार वाईट वाटलं. उठून आलो.

घरी सोसाम्मा दवाखान्याचंच काहीतरी सांगत होती, पोथनअच्चायन (ही त्याला मानाने अच्चायन म्हणते) म्हणाले, तुम्हाला विचारायचंय. म्हटलं, मध्ये बोलू नकोस, मी शेवटच्या आठवड्याचा प्लॅन लिहितोय. ती भांडी जोरात घासायला लागली.

१० मार्च, रविवार

सभेत पास्टरांनी सगळ्यांना विचारलं. कुणाचा मित्र येतो म्हणाला, कुणाचा नाही. मी म्हटलं, पोथन शंभर टक्के. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा. त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली. मी स्वतः चिकटवली.

चिंता फक्त एक. पोथनला अजून विचारलेलं नाही.

११ मार्च, सोमवार, संध्याकाळी

हालेलुया! हालेलुया!

आज मी बसलो, घसा खाकरला, आणि मी तोंड उघडायच्या आत पोथनच म्हणाला, ईपन, गुरुवारी सकाळी मोकळा आहेस का?

स्वतःहून! दिवस ठरवून! गिऱ्हाईक स्वतः वेळ मागतं तेव्हा समजावं, सही होणार. पण घाई दाखवायची नाही, हा धंद्याचा नियम. म्हटलं, सकाळी नको रे, सकाळी माझा आवाज बसलेला असतो. संध्याकाळी पाचला ठेवू. निवांत. मनातलं सगळं बोलून टाकू.

तो काहीतरी म्हणणार होता. मी म्हटलं, आता काही बोलू नकोस, हा पवित्र क्षण आहे. डोळे मिटून प्रार्थना केली. उघडले तेव्हा पोथन हाताने गुडघा चोळत होता. म्हणाला, बरं. जा तू. मग हाक मारून म्हणाला, ईपन, तुझ्यावर राग नाही हं.

राग कशाला असेल? पश्चात्ताप सुरू झाल्याची खूण आहे ही.

१३ मार्च, बुधवार

उद्याच्या बोलण्याची तयारी. विषय, शेजारधर्म. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणं म्हणजे काय. इथून सुरू करून सरळ रविवारच्या आमंत्रणावर यायचं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा मलाच रडू आलं.

सोसाम्मा दारात उभी होती.  मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, छान. मग म्हणाली, पोथनअच्चायनना आज भाताची कांजी नेऊन दिली मी. मी म्हटलं, उत्तम, मैत्रीत असंच करावं. ती माझ्याकडे बघत राहिली. हिला हल्ली काय झालंय कळत नाही.

१४ मार्च, गुरुवार

पाच वाजता पांढरा शर्ट, कमरेला पांढरी मुंडू. सोसाम्माने केलेले फणसाचे गोड अडे पानात बांधून घेतले.

पोथनच्या दाराला कुलूप.

व्हरांड्यात बसलो. वाट बघितली. डास चावले. मनात म्हटलं, हीच का वेळ पाळायची पद्धत! कंडक्टर होता म्हणे! टपरीवर गेला असेल म्हणून तिथे गेलो. टपरी बंद. लाल झेंडासुद्धा खाली उतरवून ठेवलेला. दोघं मिळून कुठे उंडारायला गेले असणार. इतक्या आठवड्यांची मेहनत, आणि शेवटच्या दिवशी त्या नास्तिकाबरोबर फिरायला! अस्सा संताप आला की चार अडे रस्त्यातच खाल्ले.

घरी येऊन सोसाम्माला म्हटलं, माणसाने किती जीव लावायचा?

तिने हातातलं काम ठेवलं. म्हणाली, सकाळी ऑपरेशन झालं त्यांचं. पहाटे निघाले. अप्पुकुट्टन टपरी बंद करून सोबत गेलाय.

मी म्हटलं, मग मला का नाही विचारलं?

सोसाम्मा म्हणाली, विचारलं की त्यांनी. गुरुवारी सकाळी मोकळा आहात का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, सकाळी तुमचा आवाज बसलेला असतो.

तू का नाही सांगितलंस, असं ओरडणार होतो. ओरडलो नाही. मध्ये बोलू नकोस, मध्ये बोलू नकोस... मलाच माझा आवाज ऐकू यायला लागला.



१५ मार्च, शुक्रवार

पहिल्या बसने कोट्टयम. दवाखान्यात वॉचमनने अडवलं. पेशंटमागे पास एकच. म्हटलं, मी शेजारी आहे. तो म्हणाला, शेजाऱ्याला पास नसतो. म्हटलं, मित्र आहे. म्हणाला, मित्र वर आहेत, त्यांच्याकडे पास आहे.

खाली बाकावर बसलो. बोलायला कुणी नव्हतं.

खूप वेळाने अप्पुकुट्टन खाली आला. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. मला वाटलं, आता हा टोमणा मारणार, सगळ्या लोकांसमोर. बीफची आठवण काढणार. त्याने नुसता गळ्यातला पास काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, पुट्टू खाऊन येतो. काल दुपारपासून पोटात काही नाही. तुम्ही बसा तोवर, वॉचमनला मी सांगतो. पण बोलू नका हं साहेब. डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय. मान हलली की सरकतो.

वर गेलो. पोथन पलंगावर पालथा. तोंड उशीच्या खाचेत, खाली फरशीकडे. पाठीवरचं बनियन वर सरकलेलं. इतका बारीक झालाय हे मला रोज शेजारी बसूनही कधी दिसलं नव्हतं. स्टुलावर बसलो.  शेजारधर्माचं सगळं पाठ होतं, एक वाक्य आठवेना.

उशीतून आवाज आला, अप्पू, खाल्लंस का रे?

मी गप्प.

म्हणाला, अप्पू, गावात ईपन भेटला तर त्याला काही बोलू नकोस. मी नीट विचारलं नसेल. त्याला कळलं तर फार वाईट वाटेल. वाईट माणूस नाही तो. रोज येतो तरी. बाकी कोण येतं?

मग म्हणाला, इथे आला असता तर आवडलं असतं. पण तो बोलणार, मला हसू येणार, मान हलणार आणि डॉक्टर ओरडणार.

त्याची पाठ हलायला लागली. हसत होता. मी घाईने त्याच्या मानेवर हात ठेवला, हलू नये म्हणून. हात तसाच ठेवला.

सिस्टरने नळी घातलेला काळा चहा आणून ठेवला. मी पलंगाखाली वाकून नळी त्याच्या तोंडाशी धरली. सावकाश प्यायला. बनियन खाली ओढून दिलं. रविवारी पुढच्या रांगेत ती खुर्ची रिकामी राहणार, चिठ्ठीसकट, आणि पास्टरांना मी काय सांगणार, हे तेव्हा एकदा डोक्यात येऊन गेलं. पोथनला अजून आठवडाभर असंच पालथं राहायचंय.

चहा संपल्यावर तो म्हणाला, अप्पू, आज फार गप्प आहेस. बरं वाटतंय.

मी नुसतं हं म्हटलं.